चित्रात कोणी नव्हते

एकदा एका नदीकाठच्या गावी एक वृद्ध कारागीर राहत असत आणि त्यांचा व्यवसाय मेलेल्या माणसांना डोळे रंगवून देण्याचा होता. दचकू नका. त्यांचा फोटो स्टुडिओ होता. घरातले कोणी गेले की लोक त्याचा सापडेल तो फोटो घेऊन त्यांच्याकडे येत, आणि तो बहुधा कुणाच्या तरी लग्नातला नाहीतर मुंजीतला असे. पन्नास माणसांचा घोळका, त्यात मागच्या रांगेत मुगाच्या दाण्याएवढा एक चेहरा. हे आमचे काका, एवढेच आहेत बघा, म्हणून ते बोट ठेवत. वृद्ध तो चेहरा मोठा करत, बारीक कुंचल्याने त्यावरून हात फिरवत, आणि आठ दिवसांत काका चौकटीत बसून चंदनाचा हार घालून घ्यायला तयार होत. त्यांच्या हातचे एखादे दिवंगत माणूस भिंतीवर नाही, असे घर त्या पंचक्रोशीत शोधून सापडले नसते. सगळे त्यांना आबा म्हणत.

आबांची एक शिष्या होती, हेमांगी. विसाव्या वर्षी ती कामाला आली आणि पंधरा वर्षे राहिली. कुंचला धरायला ती आबांकडून शिकली, आणि पुढे कॉम्प्युटर आले तेव्हा तिने तेही आत्मसात केले. आबांनी मुकाट्याने फोटो धुण्याची जुनी काळोखी खोली रिकामी करून तिच्या हवाली केली. त्या खोलीला खिडकी नव्हती, भिंती काळ्या रंगवलेल्या होत्या. बाहेर रणरणते ऊन असले तरी आत दिवस की रात्र ते कळत नसे. आबांचे वय झाले होते. ते आठवड्यातून एकदा येत, खुर्चीत बसून चहा घेत आणि घरी जात.

आता हेमांगीच्या नादाविषयी सांगायला हवे. काम नसेल तेव्हा ती कॉम्प्युटरवर फ्रॅक्टल चित्रे काढत बसे. काढत बसे म्हणायचे एवढेच, कारण हात लावायचाच नसतो. ते काय असते ते मी माझ्या बुद्धीला झेपेल तसे सांगतो, गणिताच्या मास्तरांनी माझा कान धरू नये. एक संख्या घ्यायची, तिला तिनेच गुणायचे, त्यात मूळची संख्या मिळवायची, आणि जे येईल त्याला पुन्हा तेच करायचे. काही संख्या चार फेऱ्यांत उधळून अनंताकडे पळतात, काही हजार फेऱ्या दम धरतात, काही कधीच पळत नाहीत. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे अशी एक संख्या, आणि ती किती फेऱ्या टिकली त्यावरून तिचा रंग. झाले, एवढेच. पोस्टकार्डावर मावेल एवढे हे गणित, पण त्यातून जे उमटते ते पाहून माणूस मुका होतो. वेली, भोवरे, वीज चमकावी तसे फाटे, आणि कोणत्याही फाट्याच्या टोकाशी जवळ जाऊन पाहावे तर तिथे पुन्हा अख्खी सृष्टी. तिच्या टोकाशी जावे तर आणखी एक. ती आधीच्यासारखी असते आणि अगदी तशी नसते.

गावातले लोक ही चित्रे पाहून हटकून एकच प्रश्न विचारत, की हे तर यंत्राने काढले, यात तुझे काय? हेमांगी शांतपणे सांगे की या अफाट पसाऱ्यात कुठे थांबायचे आणि कोणते रंग द्यायचे, हे माझे. खरे सांगायचे तर फोटोग्राफर तरी दुसरे काय करतो? डोंगर काही तो घडवत नाही. पण हे लोकांच्या गळी उतरत नसे. आबा मात्र वाद घालत नसत. ते दाराशीच उभे राहून पाहत आणि पाऊल आत टाकत नसत. एकदा तिने आत या म्हटले, तेव्हा ते म्हणाले की फार देखणे आहे, पण हे कुणी पाहण्याआधीपासून इथे होते आणि कुणीच काढलेले नाही, म्हणून मला जरा भय वाटते.

अशी दोन-तीन वर्षे गेली, आणि एका दुपारी हेमांगीला त्या चित्रात तिचा भाऊ दिसला.

पराग तिच्याहून चार वर्षांनी मोठा. एकोणिसाव्या वर्षी घाटात मोटरसायकलच्या अपघातात गेला, त्याला वीस वर्षे झाली होती. फोटो काढायचा म्हटले की तो पळ काढी, त्यामुळे पाठीमागे एकच फोटो राहिला, मावसभावाच्या मुंजीतला. त्यात तो शेवटच्या रांगेत, मान वळवून कुणाशी तरी बोलत उभा, आणि हललेला. आबांनी त्यावरूनच त्याचा मोठा फोटो करून दिला होता, चेहरा सरळ समोर घेऊन. पंधरा वर्षांच्या हेमांगीने तो भिंतीवर लागताना पाहिला आणि तिथून पुढे ती त्याच्याशी बोलू लागली. परीक्षेला निघताना त्याला सांगायची, आजारी पडली तरी त्यालाच सांगायची. स्टुडिओत नोकरी धरली तीही, खरे तर, त्याला परत आणणारे हात कसे चालतात ते पाहायला.

तर त्या दुपारी एका भोवऱ्याच्या कडेला तो होता. आधी कपाळ, मग नाकाची रेघ, मग ओळखीचा डोळा. चेहरा बाजूला वळलेला होता, मुंजीच्या फोटोत होता तसाच. हेमांगी कितीतरी वेळ हलली नाही. मग तिने या धंद्यातल्या माणसाने करू नये ते केले. ती त्या चेहऱ्याच्या आणखी जवळ गेली.

फोटोच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या महिन्यात कळते. चेहरा मोठा करत गेले की एका मर्यादेनंतर माणूस संपतो आणि नुसते करडे दाणे उरतात. त्या दाण्यांपाशी हेमांगी पंधरा वर्षे अडखळत आली होती. इथे दाणे येतच नव्हते. डोळ्यात शिरावे तर तिथे नवे भोवरे, त्या भोवऱ्यांत सबंध चित्राची एक छोटीशी प्रत, आणि त्या प्रतीच्या कडेला पुन्हा पराग. फक्त या खेपेला त्याची मान किंचित वळलेली होती, तिच्या बाजूला.

ती आणखी आत गेली. मान आणखी थोडी वळली.

पुढचे तुम्ही ओळखलेच असेल. या चित्रांत खोल जावे तितके आकडे लांबत जातात आणि यंत्राला वेळ लागतो. आधी एक चित्र दोन मिनिटांत येई, मग तासाने, मग दिवसाने येऊ लागले. पडद्यावर ते वरून खाली एकेक रेघ उतरत येई आणि हेमांगी समोर बसून राही. हातातली कामे खोळंबली. लोक आपले काका, आपल्या सासूबाई मागायला येत आणि हात हलवत परत जात. ती डबा उघडत नसे, विचारले तर ओझरते हसे. तिने हिशेब मांडला होता, मान दर खेपेला किती वळते त्याचा. नऊ चित्रे झाली होती. दहाव्यात तो सरळ तिच्याकडे बघणार होता.

तिच्या आईला यातले काही ठाऊक नव्हते, पण पोरगी वाळत चालली आहे हे दिसत होते. त्या माउलीने आबांना निरोप धाडला, की एकदा जाऊन बघा, माझे ती ऐकत नाही.

आबा भर दुपारी आले. उन्हातून आलेल्या त्यांच्या डोळ्यांना क्षणभर काही दिसेना. काळ्या खोलीत पडद्याच्या निळसर उजेडात हेमांगी बसलेली, आणि पडद्यावर दहावे चित्र वरून खाली उतरत होते. कपाळापर्यंत आले होते. हेमांगीने उठून त्यांना नमस्कार केला आणि अगदी साध्या आवाजात सगळे सांगितले. नववे चित्र तिने मोठ्या कागदावर छापून घेतले होते, तेही तिने दाखवले. मग म्हणाली, "आबा, संध्याकाळपर्यंत तो माझ्याकडे बघेल. मग मला दुसरं काही नको."

आबांनी कागद दाराच्या उजेडात धरला, आणि त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. कारण त्यांनाही तो दिसला. पोरीचा भ्रम म्हणून हसण्यावारी न्यायची सोय राहिली नाही. पराग होता, जवळजवळ समोर वळलेला, आणि ते डोळे आबांनी तत्काळ ओळखले.

त्यांच्या मनात आले असेल की पोरीला एकदा या डोळ्यांनी समोरून पाहिले की ती या खोलीतून बाहेर यायची नाही. देहाने येईलही कदाचित, पण मनाने नाही. वीज बंद करून टाकावी तर ती आयुष्यभर त्या न पाहिलेल्या दहाव्या चित्रापाशी बसून राहील. मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. त्यांनी स्टूल मागवले, तो मोठा कागद बाहेरच्या खोलीत भिंतीवर लावला, आणि उलटा लावला. वरची बाजू खाली. समोर दोन खुर्च्या ठेवल्या, एकीवर स्वतः बसले आणि दुसरीवर हेमांगीला बसायला सांगितले. आतले चित्र पुरे होईपर्यंत आत जायचे नाही, इथे बसून हे बघायचे, एवढेच ते म्हणाले.

हेमांगीचा संताप झाला. भावाला कोणी पाय धरून लोंबकळत ठेवावे तसे तिला वाटले, आणि तसे ती बोललीही. पण गुरूची आज्ञा मोडण्याची तिला सवय नव्हती. ती बसली. आणि बसल्यावर तिला आठवले की हा नियम आबांनीच आपल्याला पहिल्या आठवड्यात शिकवला होता. चेहऱ्यावर काम करताना फोटो नेहमी उलटा धरायचा. सुलटा चेहरा माणसाला भुलवतो, जे नाही ते दाखवतो. उलटा धरला की काळे आणि पांढरे जिथे आहे तिथेच दिसते. शेकडो परक्या माणसांसाठी तिने हा नियम पाळला होता. स्वतःच्या माणसाच्या वेळी तो तिच्या मनाला शिवलाही नाही.

चेहरा नव्हता. तिने मान तिरकी करून शोधला, मग शोधून शोधून थकली, आणि थकल्यावर तिची नजर सैल झाली. तेव्हा कुठे कागदावर काय आहे ते तिला दिसू लागले. काठाकाठाने निघालेली एक बारीक नस होती, केसाहून बारीक, ती दुभंगत दुभंगत इतकी पसरली होती की तिचा शेवट कागदाबाहेर गेला होता. तिच्या प्रत्येक वळणावर तांबूस कडा होती, आणि ते तांबूसपण मधल्या काळ्या गाभ्याकडे जाता जाता विझत होते. तो गाभा म्हणजे कधीच न पळणाऱ्या संख्या. सगळ्या वेली त्याच्यापर्यंत येऊन थबकल्या होत्या. हे रंग आपणच दिले आहेत हे तिला आठवले, आणि गेले कित्येक आठवडे आपण ते पाहिलेच नाहीत हेही. ती म्हणाली, "आबा, यात कुणी नाही."

आबांनी मान हलवली. मग विचारले, "पोरी, परागचे डोळे कसे होते?"

हेमांगीने उत्तर द्यायला तोंड उघडले आणि तिच्या मनात घरच्या भिंतीवरचा फोटो उभा राहिला. त्याच्या मागे काय होते ते दिसेना.

मग आबा बोलले. वीस वर्षे त्यांनी हे कुणाला सांगितले नव्हते. गिऱ्हाइकाला सांगायचे नसते, हाही त्या धंद्याचाच एक नियम.

"तुझ्या भावाच्या फोटोत डोळे नव्हतेच गं. दोन करडे डाग होते. तुझ्या आईला विचारलं तर ती नुसती रडत राहिली. तू म्हणालीस, बोलके होते. सगळे तेच म्हणतात. मग मी माझ्या हाताला बसलेले डोळे दिले. गेलेल्या तरुण पोरांना मी आयुष्यभर तेच डोळे देत आलो. वरच्या आळीतल्या सदूला तेच आहेत, कासाराच्या जावयाला तेच आहेत. गावात कुठल्याही घरात जा, तुला तेच बघत असतात. तूही तेच काढायला शिकलीस आणि चार घरांत लावून आलीस. त्या यंत्रात तुला पराग नाही दिसला. माझा कुंचला दिसला. मलाही तोच दिसला, म्हणून सांगतो."

आबा पुढे म्हणाले, "माणसानं काढलेल्या चित्रात मागं माणूस असतो. याच्या मागं कुणी नाही, आणि कुणी नसताना ते एवढं सुंदर आहे. ते मला सोसवत नाही. रिकामी जागा दिसली की माझा हात तिथं डोळे लावायला धावतो. तुला ते मोकळं बघता यायचं, हेमा. ती तुझी कला होती. तिथंसुद्धा तू मेलेलं माणूस नेऊन बसवलंस."

तेवढ्यात आतून यंत्राची बारीक घंटी वाजली. चित्र पूर्ण झाले होते.

आबांनी तिला अडवले नाही. तिच्यासोबत आतही गेले नाहीत. त्यांना भीती वाटत होती आणि ती त्यांनी लपवली नाही. हेमांगी एकटी त्या काळ्या खोलीत गेली. पडद्यावर दहावे चित्र होते, आणि तिचा हिशेब चुकला नव्हता. चेहरा सरळ समोर वळलेला होता. दोन डोळे तिच्या डोळ्यांच्या रेषेत होते, आणि त्यांत बघणे नव्हते. घरोघरच्या भिंतीवरचे ते डोळे तिने इतक्या वर्षांत प्रथमच इतके स्पष्ट ओळखले. तिला ओरडावेसे वाटले, पळून जावेसे वाटले, पण ती उभी राहिली. आबांनी शिकवले होते तशी ती कडेपासून पाहू लागली. एक फाटा धरून, त्याच्या वळणाने, सावकाश. मध्यापर्यंत पोहोचली तेव्हा डोळ्यांच्या जागी दोन भोवरे होते, एकमेकांच्या उलट फिरणारे, आणि त्यांच्यामधून एक फिकट सोनेरी नस कुठेतरी खोल उतरून जात होती. कोणी पाहिले काय आणि न पाहिले काय, त्या नसेला काही फरक पडत नव्हता. हेमांगीला वाटले, याहून देखणे काही मी पाहिलेले नाही.

ती बाहेर आली आणि आबांना म्हणाली, "मला त्याचे डोळे आठवत नाहीत." मग ती रडली. पराग गेला तेव्हा भिंतीवरच्या फोटोने तिला रडू दिले नव्हते. ते सगळे त्या संध्याकाळी बाहेर आले. आबा जवळ बसून राहिले.

दहावे चित्र तिने मोठे छापले आणि बाहेरच्या खोलीत लावले. आबांनी विचारले, वरची बाजू कोणती? ती म्हणाली, याला वर-खाली नाहीच. लोक येत आणि आपापल्या परीने त्यात काहीबाही शोधत. कुणाला मोर दिसे, कुणाला देवी, एका गृहस्थांना तर त्यांचा वकील दिसला. हेमांगी कुणालाच खोडून काढत नसे. फक्त खुर्ची पुढे करी आणि म्हणे, जरा वेळ बसा.

महिन्याभराने तिची आई आली. आपल्या लेकीला गिळायला निघालेली वस्तू कशी दिसते ते तिला एकदा पाहायचे होते. ती खुर्चीवर बसली, पदर सावरला, आणि पुष्कळ वेळ चित्राकडे पाहत राहिली. मग तिने विचारले, "यात कुणी आहे का गं?"

"नाही आई. कुणी नाही."

"बरं वाटतं बघायला. मोकळं." मग चित्रावरची नजर न काढता ती म्हणाली, "आपल्या भिंतीवरचा तो पराग नव्हे. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तू त्याच्याशी बोलायला लागलीस, म्हणून मी गप्प बसले."

हेमांगीने आईचा हात धरला.

"त्याचा डावा डोळा जरा बारीक होता," आई म्हणाली. "आणि थाप मारायला लागला की तर तो मिटायचाच."

मग दोघी त्या चित्रासमोर बसून, दिवे लागेपर्यंत, परागच्या एकेक थापा आठवत राहिल्या.